पारापाराची बोली: फुरी, साबी आणि हातांना पाठ असलेली गाणी

पुण्यात जपानी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. युरोबीट, म्हणजे सिंथेसायझरवरचे वेगवान नृत्यसंगीत, ऐकता ऐकता तो पारापारा या जपानी क्लबांतल्या नृत्यापर्यंत पोहोचला. त्या नृत्याविषयी जपानी लोक बोलतात तेव्हा फुरी, साबी, तेकुपारा, ओरिपारा, कुरोफुकु असे शब्द सतत येतात. शब्दकोशात ते सापडत नाहीत, किंवा सापडले तरी दिलेला अर्थ तिथे बसत नाही. हे शब्द नेमके कसे समजून घ्यावेत, आणि मराठीत लिहायचे झाले तर काय लिहावे, असे त्याने विचारले आहे. मी टोक्योत दुभाषी म्हणून काम करते आणि बरीच वर्षे पारापाराच्या एका सरावगटात जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. पारापारामध्ये मोकळेपणाने, मनाला येईल तसे नाचत नाहीत. प्रत्येक गाण्याच्या हातांच्या हालचाली ठरलेल्या असतात. गाणे सुरू झाले की नृत्यमंचावरचे सगळे जण एकाच दिशेला तोंड करून त्याच हालचाली एकाच वेळी करतात. पाय फक्त डावी-उजवीकडे एक पाऊल टाकतात आणि दुसरे पाऊल त्याला जुळवतात, गाणे संपेपर्यंत तेवढेच. सगळी करामत खांदे, कोपर, मनगट आणि बोटे यांची असते. त्यामुळे या बोलीतला जवळजवळ प्रत्येक शब्द तीनपैकी एका प्रश्नाचे उत्तर असतो: ही हालचाल गाण्याच्या कोणत्या भागावर आहे, ती कोणी ठरवली, आणि ती कोणत्या क्लबातली आहे. सौंदर्य, भावना, शैली यांविषयीचे शब्द त्या मानाने थोडे आहेत. हे लक्षात ठेवले की शब्दकोशाने सोडलेल्या बहुतेक जागा भरून निघतात.

पारापारा हे नावच पाहा. जपानीत ते अनुकरणवाचक शब्दांच्या मोठ्या कुटुंबातले आहे. पावसाचे मोजके थेंब पडू लागले की पारापारा. पुस्तकाची पाने अंगठ्याखालून भरभर सोडली की पारापारा. परतलेल्या भाताचा दाणा न् दाणा सुटा राहिला की तोही पारापारा. आपण भुरभुर पाऊस, पानांची फडफड आणि मोकळा भात असे तीन वेगळे शब्द वापरतो, जपानी माणूस तिन्हींत एकच गोष्ट ऐकतो: हलक्या, सुट्या वस्तू एकामागून एक, एकमेकींना न चिकटता येणे. नृत्याला हे नाव कोणी दिले याच्या निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात आणि त्यांतल्या एकीवरही मी पैज लावणार नाही. पण चांगल्या नर्तकीचे हात पाहिले की शब्द चपखल बसल्याचे पटते, कारण प्रत्येक हालचाल आपल्या ठोक्यावर सुटी पडते आणि पुढची तिच्यात मिसळत नाही. मराठीत लिहिताना ‘पारापारा’ असे एकच पद लिहावे. जपानीत हे स्वर ऱ्हस्व आहेत, पण ‘परपर’ लिहिले तर आपण मधला अकार गिळून टाकतो आणि उच्चार अधिकच बिघडतो.

आता फुरी. हा शब्द नीट कळला तर निम्मे काम झाले. सुरुवातीच्या काळात मी एका सरावात एका परदेशी पाहुणीसाठी दुभाष्याचे काम करत होते. शिकवणारी बाई म्हणाली की तुझी फुरी चुकते आहे, आणि मी डोक्यातल्या सवयीच्या अर्थावर विसंबून ‘तू ढोंग नीट करत नाहीस’ अशा आशयाचे काहीतरी सांगून बसले. झोपेचे सोंग घेणे, माहीत नसल्याचा आव आणणे यासाठी जपानीत फुरी हाच शब्द वापरतात, म्हणून ती चूक झाली. पाहुणीचा चेहरा उतरला. मग शिकवणाऱ्या बाईने तिचे मनगट धरून कोपर चार बोटे वर उचलले आणि म्हणाली, ‘ही फुरी.’ त्या दिवसापासून मी हा शब्द भाषांतरित करणे सोडून दिले.

फुरू या क्रियापदाचा मूळ अर्थ हलवणे. हात हलवून निरोप देणे हे ‘ते ओ फुरू’. त्यावरून फुरी म्हणजे हालचाल. पण याच क्रियापदाचा दुसरा अर्थ वाटून देणे, नेमून देणे असाही आहे: पानांना क्रमांक घालणे यालाही फुरू म्हणतात. जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाला फुरिगाना माहीत असतात, कांजीच्या, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चिन्हांच्या, डोक्यावर किंवा बाजूला उच्चारासाठी छापलेली ती बारीक अक्षरे. तिथली फुरीही हीच. मला पारापारातली फुरी नेहमी तशी दिसते: कांजीवर जशी फुरिगाना नेमलेली असते, तशी गाण्याच्या प्रत्येक ओळीवर हाताची एकेक हालचाल नेमलेली असते आणि गाणे बदलले की ती लागू होत नाही. त्यामुळे ‘तुला किती नृत्ये येतात’ असे कोणी विचारत नाही. ‘किती गाणी येतात’ असे विचारतात. गाण्याचे नाव हेच नृत्याचे नाव.

शब्दाला जुना इतिहासही आहे. पारंपरिक जपानी नृत्याची चर्चा करताना तीन अंगे सांगितली जातात: माई म्हणजे जमिनीलगत, गोल फिरत केलेली संथ गती, ओदोरी म्हणजे उसळणारी, पाय उचलणारी गती, आणि फुरी म्हणजे काहीतरी सांगणारे, नकलेच्या अंगाने जाणारे हावभाव. आपल्याकडे नृत्त आणि नृत्य यांत जो भेद केला जातो, त्याच्याशी हे थोडे ताडून पाहता येईल. पारापारात दोन्ही सापडतात. वाद्यांच्या तुकड्यावरच्या हालचाली निव्वळ आकृत्या असतात, हाताने हवेत काढलेली चक्रे आणि चौकोन. पण गायिका ‘फायर’ म्हणाली की दोन्ही तळवे कमरेपासून बोटे थरथरवत वर चढतात, ‘हार्ट’ म्हणाली की छातीशी बदाम होतो, ‘आइज’ म्हणाली की बोटे डोळ्यांवरून सरकतात. गाण्याचे शब्द इंग्रजी, तेही बहुधा इटालियन माणसाने लिहिलेले, नाचणारी मंडळी जपानी. त्यांतला जो शब्द कानावर ओळखीचा म्हणून पडला, तो हातांनी उचलला. पुष्कळ पारापारा नर्तकांना गाण्याचा एकंदर अर्थ विचारला तर सांगता येत नाही, पण कोणत्या शब्दावर कोणता हात, हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगतात.

फुरीला ‘त्सुके’ म्हणजे जोडणे हे पद लागले की फुरित्सुके, अर्थात नृत्यरचना. इथे मराठी शब्द चालतो. फुरी मात्र फुरीच ठेवावी.

संगीताच्या शब्दांकडे वळते, कारण फुरी कशाला चिकटते ते त्यांशिवाय कळत नाही. जपानी श्रोते कोणत्याही लोकप्रिय गाण्याचे तुकडे ए-मेरो, बी-मेरो आणि साबी असे पाडतात. मेरो हे मेलडीचे तोडलेले रूप. ए-मेरो म्हणजे पहिली चाल, बी-मेरो म्हणजे तिच्यापुढची, चढाची चाल, आणि साबी म्हणजे ज्यासाठी आपण गाणे ऐकतो तो भाग. साबीला मराठीत ध्रुवपद म्हणण्याचा मोह होतो आणि मीही कधीकधी म्हणते, पण त्यात एक अडचण आहे. आपल्या भावगीतात ध्रुवपद आधी येते, मग अंतरा आणि मग पुन्हा ध्रुवपद. आपण घरातून निघतो आणि घरी परततो. साबी मात्र सहसा शेवटी येते. ए-मेरो पायथा, बी-मेरो चढण, साबी माथा. गाणे थेट साबीनेच सुरू झाले तर जपानी माणूस त्याची वेगळी नोंद घेतो आणि त्याला आतामा-साबी, म्हणजे ‘डोक्याशी साबी’, असे म्हणतो. आपल्याकडे जो नियम, तो तिथे अपवाद. म्हणून ‘साबीला सगळे उसळले’ या वाक्यात ध्रुवपद घातले तर मराठी वाचकाला ती चढणच दिसत नाही.

युरोबीटमध्ये याखेरीज एक चौथा तुकडा असतो आणि पारापारासाठी तो साबीइतकाच महत्त्वाचा आहे: रिफ. सिंथेसायझरवर वाजणारी ती झगझगीत, चढ्या सुरातली धून गाण्याच्या आरंभी येते आणि साबी संपताच परत येते. कित्येक गाणी गायिकेच्या आवाजाने नव्हे तर रिफनेच ओळखली जातात. आरंभीच्या रिफवर जाणकार हातांनी लगेच उत्तर देतात, आणि ज्याला फुरी येत नाही तो मागे सरकतो. नृत्यमंचावर कोण टिकणार हे पहिल्या काही सेकंदांतच ठरते.

गती किती असते याची कल्पना आकड्यांनी येईल. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातला युरोबीट मिनिटाला साधारण १५० ते १६० ठोक्यांचा असतो. १५५ ठोके धरले तर सेकंदाला अडीचहून किंचित अधिक ठोके होतात आणि सोळा मात्राचौकांची, म्हणजे ६४ ठोक्यांची साबी पंचवीस सेकंदांच्या आत आटोपते. एवढ्या वेळात, दर ठोक्याला एक हालचाल धरली, तर साठ-पासष्ट हालचाली, काही ठिकाणी अर्ध्या ठोक्यावर दोन. आमच्या गटात साबी शिकवताना आठ ठोक्यांचा एकच तुकडा घेतात. पहिल्यांदा गाण्याविना, मोठ्याने मोजत. उजवा हात कानाशी, डावा समोर, मग दोन्ही मनगटे एकमेकांभोवती दोनदा. मोजणे थांबवून तोच तुकडा आवाजाशिवाय. मग पायांची डावी-उजवी त्याखाली सरकवतात, आणि इथे नवखा माणूस हमखास अडखळतो, कारण हात आठाच्या हिशेबात आणि पाय दोनाच्या हिशेबात चालतात. लेझीम खेळलेल्या माणसाला हा गोंधळ कमी होतो, असे मला शिकवताना दिसले आहे. एका गटाने एकाच मोजणीवर हात आणि पाय वेगळे चालवण्याची सवय त्याला शाळेपासून असते.

या शिकण्याची क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. फुरी ‘ओबोएरू’, म्हणजे लक्षात ठेवतात. फुरी ‘इरेरू’, म्हणजे आत घालतात. ती अंगात जाऊन बसते असा भाव. सगळ्यांचे हात एका रेषेत आले की ‘सोरोउ’, जुळले. आणि एखाद्याची हालचाल स्वच्छ सुरू होऊन स्वच्छ थांबते, तेव्हा तिच्यात ‘किरे’ आहे, म्हणजे धार आहे, असे म्हणतात. पारापारातली मोठ्यात मोठी स्तुती हीच. सरावाच्या चित्रफितींवर ‘हान्तेन’ असे लिहिलेले असेल तर चित्र आरशासारखे उलटवलेले आहे आणि समोरच्याचे पाहून तसेच करता येईल असे समजावे. ते नसेल तर डावे-उजवे मनात उलटवावे लागते.

आता हा सगळा व्यवहार कुठे घडला आणि कोणी घडवला, त्याचे शब्द. ऐंशीच्या दशकातल्या टोक्योत दिस्को नावाच्या जागा होत्या, आणि दिस्कोत काळ्या सुटातले पुरुष कर्मचारी असत. त्यांना कुरोफुकु म्हणत, शब्दशः ‘काळे कपडे’. दारात कोणाला आत घ्यायचे, कोणाला चांगले टेबल द्यायचे हे तेच ठरवत. पारापाराच्या फुरी मुळात त्यांनी बसवल्या, असे या क्षेत्रातली जुनी मंडळी एकमुखाने सांगतात. रोज रात्री तीच गाणी वाजत. काम करता करता त्यांनी हालचाली बांधल्या, नेहमी येणाऱ्या ग्राहकांनी, म्हणजे जोरेन मंडळींनी त्या उचलल्या, आणि जोरेनच्या मागे उभे राहून नवख्यांनी. त्यामुळे कुरोफुकु या शब्दाला मराठीत ‘वेटर’ किंवा ‘दारवान’ म्हटले तर निम्मा अर्थ गळून पडतो. तो त्या जागेचा यजमान होता, पहारेकरी होता आणि नृत्यदिग्दर्शकही होता.

यातूनच एक गोष्ट निघते. प्रत्येक दिस्कोचे कुरोफुकु वेगळे, म्हणून एकाच गाण्याची फुरी दोन ठिकाणी दोन प्रकारची असू शके. आझाबु-जुबानमध्ये १९८४ साली सुरू झालेले महाराजा, आओयामातले किंग अँड क्वीन, नंतरच्या काळात कागुराझाकातले ट्विनस्टार आणि रोप्पोंगीतले वेल्फारे, अशी त्या जागांची नावे आहेत. महाराजा हे नाव वाचून आपल्याकडच्या माणसाला काही भारतीय धागा असेल असे वाटते. तसे काही नव्हते, ते फक्त वैभवाचे नाव होते. जुने नर्तक अजूनही फुरीचा उल्लेख जागेसह करतात, जसे आपण एखादी बंदिश अमुक घराण्यात अशी गातात असे म्हणतो. पुढे शिकवणीच्या चित्रफिती विकत मिळू लागल्या आणि त्यांतली फुरी सर्वत्र पसरली. तेव्हापासून ‘प्रमाण’ फुरीची कल्पना रुजली. जे त्याबाहेर राहिले, फारसे कुठे वाजत नाही आणि मोजक्यांनाच येते, ते ‘मानियाक्कु’. हा शब्द इंग्रजीतून आला असला तरी त्याला वेडेपणाचा वास नाही. ‘जाणकारांपुरते’ हा त्याचा नेमका अर्थ.

दिस्को आणि कुराबु हे दोन शब्दही वेगळे ठेवा. दिस्को म्हणजे ऐंशीची ती जागा, जिथे कपड्यांचे नियम होते आणि कुरोफुकु होते. कुराबु हा शब्द नव्वदीत नृत्यासाठीच्या जागेला रूढ झाला, पण जपानीत तो दोन प्रकारे उच्चारतात: पहिल्या अक्षरावर सूर उंच ठेवला तर जिथे बायका ग्राहकांना मद्य ओतून देतात ती जागा किंवा शाळेतले मंडळ, आणि सूर सपाट ठेवला तर नाचण्याची जागा. लिहिताना फरक दिसत नाही. बोलताना चुकला तर समोरचा तुम्हाला भलत्याच ठिकाणी गेलेला समजेल.

ओताचिदाई हा शब्द तुमच्या यादीत नव्हता, पण तो लवकरच भेटेल. उभे राहण्याचा उंच चौथरा. बेसबॉलच्या सामन्यानंतर विजयी खेळाडूला मुलाखतीसाठी ज्यावर उभे करतात तोही ओताचिदाई. दिस्कोत त्यावर चढून नाचणे हा मान होता. इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो जपानी दूरचित्रवाणीनेही पसरवला आहे. अंगाला चिकटलेले कपडे घालून, पिसांचा पंखा हलवत ओताचिदाईवर नाचणाऱ्या तरुणींची चित्रे पारापारा म्हणून दाखवली जातात. ती शिबाउरा येथील जुलियानाज टोक्यो या जागेची आहेत, जी १९९१ ते १९९४ या काळात चालू होती. तिथले संगीत मुख्यतः टेक्नो, म्हणजे एका वेगळ्या प्रकारचे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत होते, आणि पंख्याचे ते नृत्य ठरलेल्या फुरींचे नव्हते. तेथील गर्दी आणि पारापाराची मंडळी यांत काही माणसे सामाईक असतील, परंतु दोन्हींना एक मानणे म्हणजे भारुड आणि लावणी यांना एकच लोककला म्हणण्यासारखे आहे.

पारापाराच्या लाटा साधारण तीन सांगतात: ऐंशीच्या दशकातली पहिली, नव्वदीच्या मध्याच्या सुमाराची दुसरी, आणि १९९९ ते २००१ची तिसरी, जी सर्वांत मोठी. पहिल्या दोन्हींविषयी वर आलेच. तिसऱ्या लाटेने ग्यारु हा शब्द पारापाराला जोडला. ग्यारु म्हणजे टोक्योच्या शिबुया भागात वावरणाऱ्या, स्वतःच्या पोशाखाचे आणि बोलण्याचे नियम स्वतः घालणाऱ्या तरुण मुली. त्यांतल्या गडद तपकिरी त्वचेच्या फॅशनला गांगुरो आणि त्याहून टोकाच्या, पांढऱ्या रंगाने डोळे-ओठ रंगवण्याच्या फॅशनला यामाम्बा म्हणत. यामाम्बा ही जपानी लोककथांतली डोंगरात राहणारी म्हातारी, आपल्या गोष्टींतल्या हडळीच्या जातीची. नाव ठेवणाऱ्यांनी ते हिणवण्यासाठी ठेवले. या मुलींच्या मंडळांना ग्यारुसा म्हणत आणि क्लबातले कार्यक्रम आखणाऱ्या मंडळांना इबेसा. दोन्ही शब्दांतले ‘सा’ हे सर्कलचे उरलेले टोक आहे. त्या काळी वर्तमानपत्रांनी या मुलींविषयी जे लिहिले ते वाचताना मला आजही राग येतो, कारण शेकडो गाण्यांच्या हालचाली अचूक लक्षात ठेवणाऱ्या मुलींना ‘काहीच न शिकणारी पिढी’ म्हटले गेले. २००० साली कोनामी कंपनीने हातांची हालचाल संवेदकांनी टिपणारा पारापाराचा खेळ गेम सेंटरांत आणला, आणि ज्यांनी कधी क्लबात पाऊल टाकले नव्हते त्यांनाही फुरी ठाऊक झाली. तरीही पारापारा म्हणजे ग्यारु असे समीकरण मांडू नये. त्यांच्या आधी पंधरा वर्षे हे नृत्य कचेरीत काम करणारे स्त्री-पुरुष नाचत होते, आणि आज आमच्या सरावात येणारे बहुतेक जण चाळिशी-पन्नाशीतले आहेत.

तेकुपारा, तोरापारा, आनिपारा, ओरिपारा. हे शब्द घडतात कसे ते एकदा कळले की पाठ करावे लागत नाहीत. जपानीत जोडशब्द आखूड करताना प्रत्येक पदातले पहिले दोन उच्चारखंड घेतात. महाराष्ट्र साहित्य परिषदेचे आपण मसाप करतो तेव्हा प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर घेतो; जपानी माणूस दोन-दोन घेतो. तेकुनो आणि पारापारा यांचा तेकुपारा: टेक्नोवर, त्यातही वेगवान हायपर टेक्नोवर नाचलेला, हातांच्या गुंतागुंतीसाठी प्रसिद्ध असलेला प्रकार. तोरान्सु म्हणजे ट्रान्स, इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा आणखी एक प्रकार, त्याचा तोरापारा; हा २००० नंतरच्या वर्षांतला. आनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या गाण्यांवरचा तो आनिपारा. आणि ओरिजिनारूचा ओरिपारा, म्हणजे क्लबाने किंवा कंपनीने न बसवलेली, चाहत्याने स्वतः रचलेली फुरी. या चारांपैकी ओरिपारा हा शब्द सर्वांत बोलका आहे, कारण पहिल्या तिघांत संगीत कोणते हे सांगितले आहे आणि चौथ्यात कर्ता कोण हे. नाचणाऱ्याला पारारिस्तो म्हणतात.

राहिला युरोबीट, जो तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे असे तुम्ही म्हणता. इथे थोडे सावध राहायला हवे. ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्येही हा शब्द वापरात होता, आणि तिथल्या तसेच इटलीतल्या नृत्यसंगीताचा एक गट त्यात मोडत असे. तीच गाणी जपानी दिस्कोंत वाजली आणि त्यांच्या जपानी आवृत्त्याही निघाल्या. गायिका ओगिनोमे योकोचे १९८५चे ‘डान्सिंग हिरो’ हे मूळ इंग्रजी गाण्याचे असेच रूप आहे, आणि गंमत अशी की आज ते आइची-गिफू भागात उन्हाळ्यातल्या बोन-ओदोरीच्या, म्हणजे पूर्वजांच्या सणातल्या सामूहिक नृत्याच्या, रिंगणात वाजते, आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच फुरीने नाचतात. नव्वदीपर्यंत युरोपातली अभिरुची पुढे सरकली. जपानची सरकली नाही. तेव्हा इटलीतल्या काही स्टुडिओंनी केवळ जपानसाठी हे संगीत बनवणे चालू ठेवले. मांतोव्हा येथील ए-बीट सी ही संस्था त्यांतली एक. तिच्या संस्थापकांपैकी एक जानकार्लो पास्क्विनी हे डेव्ह रॉजर्स या नावाने गातात. मोजके गायक आणि गायिका अनेक टोपणनावांनी गात, म्हणून एका संग्रहातल्या वीस नावांमागे वीस माणसे असतीलच असे नाही. १९८८ साली टोक्योच्या माचिदा भागात आयात तबकड्यांचा घाऊक व्यापार म्हणून सुरू झालेल्या एव्हेक्स कंपनीने हा माल जपानभर नेला. ‘सुपर युरोबीट’ या संग्रहमालेचा पहिला भाग १९९० साली निघाला आणि २०१८मध्ये तिने २५०वा भाग गाठला. म्हणजे नावात युरोप, शब्द इंग्रजी, कारागीर इटालियन आणि श्रोता जपानी. जपानी पॉप गाण्यांना हाच साज चढवला की त्याला जे-युरो म्हणतात. नुसते ‘युरो’ म्हटले तरी आमच्यात युरोबीट असाच अर्थ होतो, चलन नव्हे.

तुम्ही युरोबीटकडे ‘इनिशियल डी’ या मोटार शर्यतींवरच्या १९९८च्या आनिमेमुळे आला असाल, तर त्या वाटेने आलेल्यांची बोली वेगळी आहे हेही सांगते. ते गाण्याचा विचार वळणे, घाट आणि शर्यतीच्या प्रसंगांवरून करतात. फुरी हा शब्द त्यांच्या बोलण्यात क्वचितच येतो. त्याच गाण्याला पारापाराच्या मंडळींच्या तोंडी वेगळाच इतिहास असतो.

काकेगोए राहिलेच. रिफच्या मोकळ्या जागांत नर्तक एकत्र जे ओरडतात ते. काबुकी नाटकात प्रेक्षक नटाच्या घराण्याचे नाव पुकारतात त्यालाही काकेगोएच म्हणतात. पारापारातल्या आरोळ्या गाण्यागणिक ठरलेल्या असतात आणि त्यांतल्या काही बऱ्याच चावट आहेत. अर्थ विचारून घेतल्याशिवाय ओरडू नका.

मराठीत लिहिताना माझा प्रघात असा आहे: फुरी, साबी, रिफ, कुरोफुकु आणि काकेगोए तसेच ठेवते, पहिल्या उल्लेखात एका वाक्यात अर्थ सांगते, फुरित्सुकेला नृत्यरचना, ओताचिदाईला चौथरा, जोरेनला नेहमीची मंडळी म्हणते. तेकुपारा वगैरेंचे भाषांतर करत नाही. आणि पुढे कधी टोक्योत सरावाला आलात, तर दुसऱ्या रांगेत एखाद्या जुन्या पारारिस्तोच्या मागे उभे राहा, गाणे संपले की त्यांना ‘कोनो फुरी, दोको नो देसु का’, म्हणजे ही फुरी कुठली, असे विचारा. बहुधा एखाद्या बंद पडलेल्या दिस्कोचे नाव ऐकू येईल, आणि त्यापाठोपाठ तिथे हीच साबी आणखी कशी नाचत असत तेही ते तुम्हाला हातांनी करून दाखवतील.